भाग ३७ : लक्ष लागत नाही म्हणून तबला बंद

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागात आपण दहावीच्या परीक्षेच्या ताणाबद्दल बोललो. त्यावर बरेच निरोप आले आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी दहावीच्या पालकांचे नव्हतेच. सहावी, सातवी, आठवीतल्या मुलांच्या आईवडिलांचे होते. म्हणणं थोड्याफार फरकाने एकच, "मुलाचं लक्ष लागत नाही, काय करू?" एका आईने व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवला. त्यात ‘लक्ष’ हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, एवढं लक्ष लागलं ना, की सगळं ठीक होईल बघा."

आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. लक्ष लागलं की सगळं ठीक होतं, हे खरं आहे का? आणि लक्ष लागेपर्यंत मुलाचं काय?

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. दोन शाळा शहरातल्या, एक तालुक्याच्या गावातली. आज काही मुलांबद्दल बोलणार आहे, पण त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

आधी या वयाबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत शाळा वेगळी आणि पाचवीला मूल मोठ्या शाळेत जातं. चौथीपर्यंत एकच बाई. त्यांना माहीत असतं की हा जरा तंद्रीत असतो. त्या जाता जाता बाकावर टकटक करतात, वहीवर बोट ठेवून ‘इथे बघ’ म्हणतात, काम होऊन जातं. पाचवीपासून तासातासाला शिक्षक बदलतात. विषयाला दोन दोन वह्या. वेळापत्रक बघून दप्तर भरायचं. प्रयोगवही बुधवारी, चित्रकलेची वही शुक्रवारी, वर स्कॉलरशिपचा जादा तास. गृहपाठ कुणी फळ्यावर लिहून देतं, कुणी घंटा झाल्यावर दारातून बाहेर पडता पडता सांगतं. मूल तेच, बुद्धी तीच, पण लक्षात ठेवायच्या आणि क्रमाने करायच्या गोष्टी एकदम वाढतात. त्यामुळे "चौथीपर्यंत हुशार होता हो, पुढे काय झालं कळत नाही" असं पालक म्हणतात तेव्हा मला नवल वाटत नाही. चौथीपर्यंत त्याच्या लक्षाचं अर्धं काम बाई करत होत्या.

मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची कमी नाही. वेंधळा, धांदरट, विसरभोळा. ‘चित्त थाऱ्यावर नाही’, ‘या कानाने ऐकतो नि त्या कानाने सोडतो’. हे काही आपल्याकडचंच नाही. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४०च्या दशकात मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं. त्यात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करून सगळं पाडणारा फिलिप आहे, आणि वर आभाळाकडे बघत चालता चालता पाण्यात पडणारा हान्सही आहे. चुळबुळ्या फिलिप पुढे खूप गाजला, एडीएचडीवरच्या कितीतरी पुस्तकांत त्याचं नाव येतं. हान्स मात्र मागेच राहिला. आणि वर्गातही अगदी हेच होतं बघा. जो उठतो, बोलतो, शेजारच्याची पट्टी ओढतो, तो सगळ्या शिक्षकांना पाठ असतो. जो खिडकीतून बाहेर बघत शांत बसलेला असतो, त्याचं नाव सहामाही परीक्षेपर्यंत कुणी घेत नाही. मुलींचं तर जास्तच. ‘गरीब आहे बिचारी’ म्हटलं की विषय संपतो.

आता एडीएचडी. हा शब्द पालकांना इंटरनेटवर सापडतो आणि मग रात्रभर झोप येत नाही. सगळ्या जगातले अभ्यास एकत्र केले तर शाळकरी वयातल्या साधारण ५ टक्के मुलांमध्ये तो आढळतो. पण निदानाचे नियम आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची जी नियमावली बरेच डॉक्टर वापरतात, तिची २०१३ची आवृत्ती सांगते की लक्षणं किमान ६ महिने टिकलेली हवीत, वयाच्या १२ वर्षांआधी त्यांची सुरुवात दिसायला हवी, आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी हवीत. म्हणजे घरीही आणि शाळेतही. फक्त गणिताच्या तासाला लक्ष लागत नसेल, तर आधी गणिताच्या तासाकडे बघायला हवं.

आणि एक गैरसमज. ‘तारे जमीं पर’ २००७ साली आला, फार मोठं काम केलं त्याने. पण तो डिस्लेक्सियाबद्दल होता, वाचन-लेखनातल्या अडचणीबद्दल. लक्षाची अडचण त्याच्याबरोबर असू शकते, बऱ्याचदा असतेही, पण त्या दोन गोष्टी एक नाहीत.

मी पालकांना सांगते, ‘लक्ष नाही’ ही तक्रार तापासारखी समजा. ताप आला म्हणजे काहीतरी आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही. फळा दिसत नसेल, नंबर लागला असेल. कान फुटत असेल. सकाळी न खाता आला असेल. घरात भांडणं असतील, कुणी त्रास देत असेल. वर्गात वयाने सगळ्यात लहान असेल, हेही कारण असतं. अमेरिकेत २०१८ साली एक मोठा अभ्यास आला. तिथे ज्या राज्यांत प्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांना, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मोठ्या मुलांपेक्षा एडीएचडीचं निदान बऱ्याच जास्त प्रमाणात झालेलं दिसलं. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत लहान असणं हाच आजार ठरला.

झोपेचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगलंच झालं. पण वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आणि नेमक्या याच मुलांची शाळा कित्येक ठिकाणी सकाळी सातला भरते. पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवणं हाच अभ्यास असतो.

हे सगळं तपासून झाल्यावरही काही मुलं उरतात, ज्यांना खरोखरच लक्ष धरून ठेवणं जड जातं. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचंय. मात्र आता मार्क बाजूला ठेवू.

हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात लोकांना एक साधा प्रश्न विचारला. एक शिडी समजा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला वाटतं तसं उत्तम आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. सध्या तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? ही शिडी अजून वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने युरोपातल्या देशांत आणि कॅनडात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांचं दर ४ वर्षांनी सर्वेक्षण होतं, त्यातही ० ते १० अशी ही शिडी असते. तिथे वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते, ११ पासून १५ पर्यंत मुलं पायऱ्या उतरत जातात. मुली जास्त उतरतात. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. त्यातही उच्च प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना शाळेबद्दलचं आणि स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान कमी होताना दिसलं. आणि ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा, निकाल हे सांगितलं.

समाधान हा शब्द आपल्याकडे जरा वयस्कर आहे. आजोबांना समाधान असतं, बारा वर्षांच्या मुलाला कसलं समाधान? त्यातून ‘समाधान मानून घ्यायचं’ असंही आपण म्हणतो, म्हणजे मिळालं तेवढ्यावर गप्प बसायचं. म्हणून मी मुलांना तो शब्द सांगतच नाही. मी कागदावर शिडी काढते आणि विचारते, "बरं चाललंय का? कितव्या पायरीवर?" विश्वास ठेवा, पाचवीतलं मूलसुद्धा याचं उत्तर देतं, आणि फार विचार करून देतं.

एक मुलगा सांगते. सातवीतला. तिसरीपासून तबला शिकायचा, सोमवारी आणि गुरुवारी. पहिल्या घटक चाचणीत गणित, इंग्रजी दोन्हीत खाली आला. सूचनावहीत शेरे होतेच. वडिलांनी ठरवलं, तबला बंद.

वडील वाईट माणूस नाहीत, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. स्वतः नववीत शाळा सोडावी लागलेली, मुलाने शिकावं म्हणून दोन पाळ्यांत राबणारा माणूस. ते मला म्हणाले, "मॅडम, तबल्यावर दीड तास हलत नाही. मग अभ्यासाला बसवलं की दहा मिनिटांत पाणी प्यायला उठतो. म्हणजे लक्ष आहे की नाही? आहे. मुद्दाम करतो."

हा मुद्दा मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतो. तबल्याच्या जागी क्रिकेट, कबड्डी, चित्रं, कॅरम, काहीही घाला. आणि वरवर पाहिलं तर मुद्दा बिनतोड वाटतो. पण लक्षाच्या अडचणीचा अर्थ लक्ष नसणं असा नाही. ते हवं तिकडे, हवं तेव्हा वळवता न येणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवता न येणं, हा आहे. आता तबल्यात काय होतं बघा. हात सतत चालू आहेत. गुरुजी समोर बसलेत, दोन हातांवर. तीनतालाच्या सोळा मात्रांत चूक झाली तर त्याच क्षणी कानाला कळते, समेवर आलं की तेही त्याच क्षणी कळतं. एक कायदा बसला की दुसरा. शाबासकी तिथल्या तिथे. उलट इतिहासाची प्रश्नोत्तरं लिहिताना चूक कधी कळते? दोन आठवड्यांनी वही तपासून आल्यावर. ज्या मेंदूला लांबची फळं दिसत नाहीत, त्याला तबला जमतो आणि प्रश्नोत्तरं जमत नाहीत, यात मुद्दामपणा कुठे आला?

मेंदूची वाढ हाही भाग आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूचे स्कॅन पाहून दाखवलं की एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ त्याच क्रमाने होते, पण काही वर्षं मागून. सरासरी पाहिली तर सुमारे तीन वर्षं. म्हणजे सातवीतल्या मुलाकडून आपण सातवीची अपेक्षा करतो, आणि लक्ष आवरायच्या बाबतीत तो कदाचित चौथीत असतो. तबल्यात मात्र सातवीतच असतो.

तर मी त्याला शिडी दिली. त्याने चौथ्या पायरीवर टिंब काढलं. मी विचारलं, मागच्या वर्षी कुठे होतास? सातव्या. मग काय काय गेलं? तो म्हणाला, "सोमवार आणि गुरुवार गेले."

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्कॉट ह्यूबनर यांनी १९९०च्या दशकात शाळकरी मुलांचं समाधान मोजण्यासाठी ज्या प्रश्नावल्या केल्या, त्यातल्या एकीत पाच कप्पे आहेत : घर, मित्र, शाळा, राहतो तो परिसर आणि आपण स्वतः. मला ही विभागणी कामात फार उपयोगी पडते. कारण लक्षाची अडचण असलेल्या मुलाचा शाळेचा कप्पा बहुधा आधीच रिकामा होत आलेला असतो. मग तो गृहपाठाच्या रूपाने घरात शिरतो. संध्याकाळी सात ते दहा घरात दुसरं बोलणंच नाही, ‘लिहिलंस का, झालं का, बस खाली’. म्हणजे घराचाही कप्पा गेला. मित्र कधी असतात, कधी नसतात. खेळताना पाळी विसरणारा, ठरलेल्या वेळी न पोचणारा भिडू कुणाला हवा असतो? आणि या सगळ्यातून ‘मी स्वतः’ हा कप्पा हळूहळू झिजतो. या मुलाकडे तबला हा त्या शेवटच्या कप्प्यातला सगळ्यात भरलेला डबा होता. तोच उचलून माळ्यावर टाकला. का? तर बाकीचे कप्पे रिकामे आहेत म्हणून!

आपल्याकडे ‘आधी अभ्यास, मग खेळ’ हे इतकं घट्ट बसलेलं आहे की यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. बऱ्याच मुलांना ते लागूही पडतं. अर्ध्या तासात अभ्यास उरकून खेळायला पळतील. ज्याचा अभ्यास कधी ‘होतच’ नाही, त्याच्यासाठी ‘मग’ कधी येतच नाही. हे गणित मांडून दाखवलं की पालक गप्प होतात.

त्या मुलाचे वडील लगेच ऐकणाऱ्यातले नव्हते. "तबला वाजवून पोट भरतं का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नसेल भरत. त्या दोन दिवसांत तो पोट भरायला जात नव्हता. दिवाळीनंतर त्यांनी गुरुवार परत सुरू केला. सोमवार नाही, फक्त गुरुवार. दुसऱ्या सत्रात गणिताचे मार्क होते तिथेच राहिले, उगाच गोष्ट रंगवून सांगत नाही. लक्षही फारसं सुधारलं नाही. पण टिंब सहावर आलं, आणि सकाळी पोटात दुखतंय म्हणून घरी राहणं थांबलं. एका मुलावरून नियम करू नये. मी नियम करतही नाही. एवढंच दाखवते की लक्ष सुधारण्याची वाट न बघताही मूल वर चढू शकतं.

उलट दिशेनेही विचार करायला हवा. असमाधानी, खचलेल्या मुलाचं लक्ष लागतं का? तुमचं लागतं का, ऑफिसात साहेब सकाळी सगळ्यांसमोर बोलल्यावर? मग बाराव्या वर्षी कसं लागेल? लक्ष नाही म्हणून बोलणी, बोलणी म्हणून खच्चीकरण, त्यामुळे लक्ष आणखी उडालेलं. हे चाक कुठेतरी थांबवायचं तर मला वाटतं बोलणी हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि आपल्या हातातला भाग आहे.

बोलणी म्हणजे काय ते बघायचं असेल तर सूचनावही उघडा. एका वर्गशिक्षिकेबरोबर बसून मी एका मुलाच्या वहीची जूनपासूनची पानं उलटली. गृहपाठ अपूर्ण. वही आणली नाही. वर्गात लक्ष नाही. गृहपाठ अपूर्ण. पालकांनी भेटावे. कंपास नाही. लाल शाई, खाली पालकांची सही. कुठेही, एकदाही, दुसरं काही नाही. बाई म्हणाल्या, "पण चांगलं लिहायला ही वही नसतेच ना." खरं आहे त्यांचं. वहीचं नावच सूचनावही. पण मुलाच्या दप्तरात रोज घरून शाळेत आणि शाळेतून घरी प्रवास करणारं त्याच्याबद्दलचं एकमेव लेखन तेच आहे. त्या बाईंनी मग एक केलं. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, निळ्या पेनने एक खरी ओळ. ‘आज प्रयोगाचं सामान यानेच लावलं.’ खरी हं, उगाच ‘छान’, ‘प्रगती आहे’ असलं नाही. मुलांना खोटं कौतुक फार लवकर कळतं.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. माझ्या एका शाळेत सातवीच्या तुकडीत ६४ मुलं आहेत. त्यात खिडकीतला हान्स कुणाला दिसणार?

अशीच एक मुलगी होती, आठवीतली. कुणाचीही तक्रार नाही. माझ्याकडे ती कुणी पाठवलेली नव्हती. मी अख्ख्या वर्गाला शिडी दिली होती, त्यात तिने तीन लिहिलं म्हणून मी तिला बोलावलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी ऐकतच असते. मग मध्येच कळतं की मी ऐकत नव्हते." इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. मग तिने सांगितलं की मधेच भानावर आल्यावर विचारायची लाज वाटते, म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. शेजारीण आता वैतागलीय. घरी गृहपाठ नाही असं सांगते. खोटं बोलते म्हणून स्वतःचाच राग येतो. आणि आई म्हणते, "हिला काही मनाला लागतच नाही."

मनाला लागत नाही! त्या मुलीने तीन लिहिलं होतं.

इथे एक सावधगिरीही सांगते. प्रत्येक मूल असं खालचा आकडा देत नाही. लक्षाची अडचण असलेली काही मुलं छान नऊ लिहितात, आणि आईवडिलांना वाटतं त्यापेक्षा स्वतःचं आयुष्य बरंच बरं आहे असं सांगतात. हे अभ्यासांतही दिसलंय. ते खोटं बोलतायत असं धरू नका. कधी ते स्वतःला सांभाळून घेत असतात, कधी खरंच मजेत असतात. मजेत असलेल्या मुलाला ‘तू दुःखी असायला हवास’ हे पटवायची गरज नाही.

त्या मुलीसाठी काय केलं? फार काही नाही. गणिताच्या सरांनी गृहपाठ तास संपताना सांगण्याऐवजी सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला घेतला. त्याचा फायदा आणखी दहा-बारा मुलांना झाला, सर स्वतःच म्हणाले. तिची जागा खिडकीपासून हलवून दुसऱ्या बाकावर आणली, पण सगळ्यांच्याच जागा बदलून, तिला एकटीला उठवून नाही. आणि ‘मधेच हरवले’ हे सांगायला एक खूण ठरवली, पेन आडवं ठेवायचं. दिसलं की सर शेवटचं वाक्य पुन्हा बोलतात, नाव न घेता. तपासणीसाठी आई तिला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली, पुढची तारीख मिळाली आहे. सध्या ती पाचवर आहे. तीनचं पाच होणं मला कमी वाटत नाही.

औषधांबद्दल नेहमी विचारलं जातं. निदान पक्कं झालं असेल आणि डॉक्टरांनी औषध सुचवलं असेल, तर ‘मुलाला गोळ्यांची सवय लागेल’ म्हणून परस्पर नाकारू नका. मनातली शंका डॉक्टरांनाच विचारा. या औषधांवर जगात भरपूर काम झालेलं आहे, आणि बऱ्याच मुलांना लक्ष टिकवायला त्यांची मदत होते. पण गोळी सूचनावहीतली लाल शाई पुसत नाही, मैत्रिणीला परत आणत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. आणि स्मरणशक्तीची पावडर, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे वर्ग, यांवर पैसे घालवू नका. त्या पैशांत वर्षभराचा तबला होतो.

कुठे जायचं ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्याच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययनातल्या अडचणी दोन्ही आहेत. सरकारी शाळेत त्यांचं पथक येतं, तेव्हा शिक्षकांनी दात आणि वजनाबरोबर ही शंकाही त्यांच्या कानावर घालावी. जिल्हा पातळीवर त्याचं केंद्र असतं, बहुधा जिल्हा रुग्णालयातच. मुंबईत सायन, नायर, केईएम या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते.

आणि शिडी घरी वापरणार असाल तर दोन गोष्टी. अभ्यासाच्या वेळी विचारू नका, स्कूटरवर मागे बसलेला असताना किंवा भाजी निवडताना विचारा. मुलं समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी शेजारी बोलतात. आकडा कळला की लगेच ‘एवढाच का?’ म्हणू नका, एक पायरी वर काय असेल ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा फार लहान असतं. एकाने सांगितलं, "जेवताना अभ्यासाचं बोलायचं नाही." आणि मूल शून्य-एक म्हणालं, किंवा ‘नकोच वाटतं सगळं’ असं काही बोललं, तर वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पुढच्या भागात वाचताना ओळी सुटणाऱ्या मुलांबद्दल बोलू. तुमचे प्रश्न नेहमीच्या क्रमांकावर पाठवा, बोलून पाठवलेत तरी चालतील, फक्त मुलाचं आणि शाळेचं नाव घेऊ नका. नमस्कार.